टेबलावर घाट बसवताना

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. मॉडेल रेल्वेचं सगळ्यांत रुळलेलं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. या हिशेबाने कळसूबाई घरात आणायची तर ती १९ मीटरच्या आसपास जाते. बोरघाटात गाडी साडेपाचशे मीटरच्या वर चढते; तेवढा चढही साडेसहा मीटर भरतो. छत तीन मीटरवर. त्यामुळे डोंगर करणारा पहिल्या दिवसापासून थापा मारायच्या तयारीनेच बसतो. इंजिनाच्या पायऱ्यासुद्धा मापात हव्यात आणि शेजारचा कडा मात्र खुशाल दहापट आखूड! तरी बघणाऱ्याची मान वर गेली पाहिजे.

हाताशी जागा आणि पैसा असला तरी यातून सुटका नाही. हॅम्बुर्गच्या ‘मिनिआटूर वुंडरलांड’ या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात २००७ साली स्वित्झर्लंडचा विभाग खुला झाला. त्याचे डोंगर दोन मजल्यांमधून आरपार जातात आणि जवळजवळ सहा मीटर उंच आहेत. खरं मॅटरहॉर्न ४,४७८ मीटरचं. प्रमाणात करायचं तर पन्नास मीटरच्या वर गेलं असतं.

चढाचं मात्र असं नाही. चढ म्हणजे गुणोत्तर, ते आकुंचन पावत नाही. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाचा सर्वांत कडक चढ ३७ला १ आहे आणि टेबलावरही तो जसाच्या तसा ठेवता येतो. मॉडेलचं इंजिन मोजके डबे घेऊन तो चढतं. फक्त एका रुळावरून दुसरा रूळ न्यायला दहा सेंटिमीटर उंची हवी असेल, तर पावणेचार मीटर रूळ अंथरावा लागतो. डोंगराची आखणी खरं तर इथे ठरते, शिखराच्या कल्पनेत नव्हे.

नवशिका सपाट प्लायवर रूळ टाकतो आणि मागे ढिगारा रचतो. तो ढिगाराच दिसतो. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन या गृहस्थाने आपल्या तळघरात जी रेल्वे उभारली, तिचे डोंगर जमिनीपासून छतापर्यंत होते. रुळाच्या खालीही दरी उतरत जायची, गाडी कड्याच्या कंबरेवरून धावायची. जागा मोठी भासावी म्हणून त्याने आरसेही लपवले होते. (त्याच्या यार्डात डबे ओढायला एक स्टेगोसॉरस होता, एमा नावाचा. इतकं काटेकोर काम करणाऱ्याला हा चावटपणा शोभतो.) १९७३च्या जानेवारीत ॲलन गेला आणि काही दिवसांतच आगीने सगळं खाल्लं. आज उरली आहेत ती छायाचित्रं, पण दरी रुळाखाली खोदायची हा त्याचा धडा पुढच्यांनी उचलला. म्हणून आता टेबल सलग न करता नुसती लाकडी चौकट करतात.

चौकटीवर डोंगर चढवायची रीत मराठी घरांत नवी नाही. दिवाळीच्या किल्ल्याला आपण विटा-दगड रचतो, वर चिखलात बुडवलेलं गोणपाट पांघरतो. इथे विटांच्या जागी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी किंवा कोंबड्यांच्या खुराड्याची तार आणि चिखलाच्या जागी प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेलं कापड. वाळलं की आतून पोकळ, वरून टणक कवच. फरक एवढाच, की किल्ल्यावर मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. फोमचे थर चिकटवून कोरणारेही आहेत. ते हलकं पडतं. थर्मोकोल वापरलात तर त्यावर स्प्रेचा रंग मारू नका, डोंगर डोळ्यांदेखत विरघळतो.

कातळ हा खरा कस. बाजारात रबरी साचे मिळतात, प्लॅस्टर ओतलं की दगड तयार. पण साच्यातल्या खडकाला टोकं नि सुळके असतील, तर तो आपल्याकडचा दिसत नाही. सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे. टणक थराचा उभा कडा, ठिसूळ थराचा उतार, पुन्हा कडा, असा तो पायऱ्यांनी चढतो आणि माथ्यावर बहुधा सपाट होतो. हे ध्यानात न घेता कितीही नजाकतीने रंगवा, आल्प्सच होणार.

म्हणून प्लॅस्टर हाताने कोरावं. ओतल्यावर नख रुतेल इतपत घट्ट झालं की बोथट सुरीने आडव्या रेघा ओढायच्या, मग सुरी रोवून पिळायची. प्लॅस्टर कापलं तर गुळगुळीत दिसतं, मोडलं तर खडकासारखं फुटतं. अधूनमधून उभ्या भेगा. अवधी मोजक्या मिनिटांचा. नंतर ते नुसता भुगा देतं. वाळल्यावर पाण्यासारखा पातळ काळा रंग सोडला की तो आपणहून भेगांत जाऊन बसतो. मग करडे, तपकिरी ठिपके आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर पांढुरका हात. दोन कड्यांच्या मधोमध कुठेतरी गेरूची बारीक पट्टी ओढावी; लाव्हाच्या थरांमध्ये अशी तांबडी माती खरोखरच असते. हजारदा घाटातून गेलेल्या माणसाला ती पट्टी आठवत नाही, पण नसली तर काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

हिरवाईआधी महिना ठरवावा लागतो. ऑगस्टचा सह्याद्री आणि एप्रिलचा सह्याद्री हे दोन वेगळे डोंगर आहेत. बहुतेकांना धबधबे हवे असतात; मला स्वतःला पिवळ्या गवताचा, उघड्या कातळाचा फेब्रुवारी जास्त पटतो, त्यात थर दिसतात. गवत म्हणजे नायलॉनचे बारीक तंतू. गोंद लावलेल्या जमिनीवर ते विजेचा भार देऊन सोडले की ताठ उभे राहतात. मागच्या डोंगरावर झाडं लहान करायची, रंग फिका, निळसर. दोन वितींत चार मैलांचा भास होतो.

राहता राहिला बोगदा. आतलं बांधकाम तोंडापासून बोटभर केलं तरी पुरतं, पुढे काळोखच असतो. पण गाडी रुळावरून घसरते ती हमखास आतच, म्हणून डोंगराच्या पाठीला हात जाईल एवढं भगदाड आधीच ठेवतात. कवच छान जमलंय म्हणून ते बुजवणाराही भेटतो; मग त्यालाच करवत घेऊन आपल्या डोंगराला खिडकी पाडावी लागते.