जागा आणि करार : ऑब्जेक्टिव्ह-सीमधला एक भेद

आज आपण एक लहानसा प्रश्न घेऊ. ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये क्लास लिहिताना एखादी गोष्ट इन्स्टन्स व्हेरिएबल म्हणून सांगायची, की प्रॉपर्टी म्हणून?

'प्रॉपर्टी' म्हटलं की आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना गुणधर्म आठवतो, वस्तूत वसणारा. इथे तो अर्थ फसवतो. वस्तूत वसतं ते इन्स्टन्स व्हेरिएबल, म्हणजे मेमरीतली जागा. प्रॉपर्टी हा त्या जागेशी कसा व्यवहार करायचा याचा करार. एक मेथड मूल्य देते, दुसरी ते बदलते. 'सेल्फ डॉट नाव' लिहिलं की वस्तूला निरोप जातो आणि ही मेथड चालते. 'अंडरस्कोर नाव' लिहिलं की आपण थेट जागेत हात घालतो.

ही भाषा १९८०च्या दशकात ब्रॅड कॉक्स आणि टॉम लव्ह यांनी घडवली. प्रॉपर्टी मात्र आली २००७मध्ये, ऑब्जेक्टिव्ह-सी २.०बरोबर. तोवर दोन्ही मेथड हाताने लिहाव्या लागत. २०१२पासून तर मेथड आणि जागा दोन्ही कंपायलर न सांगता तयार करतो. त्यामुळे भेद दिसेनासा झाला. मिटला मात्र नाही.

उदाहरण घेऊ. 'खातेदार' या क्लासमध्ये नाव ही प्रॉपर्टी आहे आणि तिच्यावर 'कॉपी' असं लिहिलंय. कुणी बदलता येणारी स्ट्रिंग दिली, तर सेटर तिची प्रत काढून ठेवतो. पण आपणच आत 'अंडरस्कोर नाव'मध्ये ती स्ट्रिंग थेट ठेवली, तर प्रत निघत नाही. उद्या देणाऱ्याने आपली स्ट्रिंग बदलली की खातेदाराचं नाव बदलतं, आणि खातेदाराला पत्ताही नसतो! कंपायलर अवाक्षर काढत नाही. करार आपणच लिहिला आणि आपणच मोडला.

मग थेट जागेला हात कधी लावायचा? इनिट आणि डीॲलॉकमध्ये. तिथे वस्तू अर्धवट असते आणि सबक्लासने बदललेला सेटर अवेळी चालू शकतो. तसंच सेटरच्या पोटात. तिथे 'सेल्फ डॉट नाव'ला मूल्य दिलं, तर सेटर स्वतःलाच अखंड बोलावत राहील. निव्वळ आतल्या हिशेबाची गोष्ट असेल, तर इम्प्लिमेंटेशनमध्ये साधं इन्स्टन्स व्हेरिएबल पुरे.

एरवी आपण प्रॉपर्टीतूनच जावं. घर आपलं असलं, तरी खिडकीतून कशाला शिरायचं?