नडगीसाठी हाड आणायचं कुठून?

बसल्या जागी गुडघ्याखाली नडगीवर बोट ठेवा आणि आतल्या बाजूने घोट्याकडे सरकवत न्या. कडक लागतंय ना? तिथे हाडावर जवळजवळ नुसती कातडी आहे. आता मागची पोटरी दाबून बघा, कशी गुबगुबीत! पलंगाचा कोपरा नडगीला लागला की ब्रह्मांड आठवतं, ते यामुळेच.

मोठ्या अपघातात नडगी मोडली, तर वरची कातडी फाटून हाड सहज उघडं पडतं. मग खरी पंचाईत! हाड जिवंत असतं. त्याला रक्त लागतं आणि हाड मोडल्यावर त्यातलं बरंचसं आजूबाजूच्या मांसातून येतं. हे पांघरूणच गेलं की हाड सुकतं आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. पूर्वी हाडांचे डॉक्टर हाड बसवायचे आणि जखम झाकायला प्लास्टिक सर्जन यायचे ते बरेचदा खूप उशिरा.

युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना शहरात मार्को गोदिना नावाचे सर्जन होते. त्यांनी हातापायाला इजा झालेल्या ५३२ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. १९८६ साली तो अभ्यास छापून आला. पहिल्या ७२ तासांत जखम झाकली, तर शंभरातल्या जेमतेम एक-दोघांना जंतुसंसर्ग झाला. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत रेंगाळलेल्यांत मात्र सतरा-अठरा जणांना! म्हणजे दोन्ही डॉक्टर पहिल्या दिवसापासून एकत्रच हवेत. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलात तर ही जोडी सख्ख्या भावांची आहे. डॉ. राजशेखरन हाडांचे आणि डॉ. राजा सभापती प्लास्टिक सर्जन. मला ही जोडी फार आवडते.

जखम झाकायची कशी? पाठीचा किंवा मांडीचा मांसाचा तुकडा त्यावरची कातडी आणि त्याच्या रक्तवाहिन्यांसकट काढतात आणि पायावर बसवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहूनही बारीक धाग्याने, त्या रक्तवाहिन्या पायातल्या रक्तवाहिन्यांना शिवतात. दोन-तीन मिलिमीटरच्या नळीला गोल टाके घालायचे, आणि एकही टाका समोरच्या भिंतीत अडकता कामा नये!

नंतर नर्सताई तासातासाला येऊन त्या कातडीवर बोट दाबून बघतात. तुमचं नख दाबून सोडा. पांढरं पडतं आणि लगेच गुलाबी होतं, हो ना? नव्या कातडीचा रंगही असाच परत आला पाहिजे. तो उशिरा आला किंवा कातडी गार लागली, तर डॉक्टर धावत येतात. वेळ पडली तर रुग्णाला पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात.

आणि नडगीचा मोठा तुकडाच गेला असेल तर? आपल्या पायात नडगीशेजारी बाहेरच्या बाजूला फिब्युला नावाचं बारीक हाड असतं. शरीराचं बहुतेक वजन नडगी पेलते, म्हणून फिब्युलाचा मधला भाग काढून घेता येतो. घोट्याजवळचा भाग मात्र तसाच ठेवतात, नाहीतर घोटा डगमगेल. मेलबर्नचे सर्जन इयान टेलर यांनी १९७५ साली असं हाड त्याच्या रक्तवाहिन्यांसकट एका पायातून काढून दुसऱ्या पायात बसवल्याचं जगाला सांगितलं.

पण एवढं बारीक हाड शरीराचं वजन कसं पेलणार? सुरुवातीला पेलत नाहीच. बरेच महिने आधार लागतो. दोन्ही टोकं जुळली की हळूहळू त्यावर भार टाकायला सांगतात. भार पडला की जिवंत हाड त्याला पुरं पडायला जाड होऊ लागतं. बरेचदा पुढच्या एक्स-रेत ते आणखी जाड दिसतं, आणि लहान मुलांत तर मोठ्यांपेक्षा लवकर!