मुलांची नजर आणि ऑप्टोमेट्रिस्ट : १९५८ ते २०२१

भारतात ऑप्टोमेट्रीचे रीतसर शिक्षण १९५८ मध्ये अलीगढचे गांधी नेत्र रुग्णालय आणि हैदराबादचे सरोजिनी देवी नेत्र रुग्णालय येथे दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने सुरू झाले. चष्म्याचा नंबर काढणारा, एवढीच या व्यवसायाची ओळख पुढे बराच काळ टिकली. १९७६ च्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचाही भर मोतीबिंदूवर, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांवर होता.

मुलांचे काम मुळातच वेगळे. एका डोळ्याला अंधुक दिसत असले तरी दुसऱ्यावर मुलाचे भागते, त्यामुळे ते तक्रार करत नाही. मेंदू मात्र त्या अंधुक डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. हाच ‘आळशी डोळा’. मोठ्यांना ‘हे बरे की ते बरे’ असे विचारत नंबर ठरवता येतो. तीन वर्षांच्या पोराला विचारून काय कळणार? म्हणून डोळ्यात थेंब घालून बुबुळामागचे स्नायू सैल करायचे आणि रेटिनोस्कोपच्या प्रकाशाची बाहुलीतली हालचाल पाहून नंबर काढायचा. थेंब टाळले तर दूरदृष्टीचा बराचसा नंबर लपून राहतो. तिरळेपणा किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर मुलाला विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे पाठवणे हाही याच कामाचा भाग. असे कौशल्य दोन वर्षांत पुरते हाती येणे अवघडच. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम १९८५ मध्ये चेन्नईच्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीत आला.

शाळांतील तपासणीत पहिली चाळणी शिक्षकांनी तक्त्यावर करायची आणि अडलेल्या मुलांचा नंबर प्रशिक्षित नेत्रसहायकाने काढायचा, अशी विभागणी रुळली. १९९९ च्या ‘व्हिजन २०२०’ मोहिमेने बालअंधत्व आणि चष्म्याने सुधारणारे दृष्टिदोष यांना अग्रक्रम दिला.

उपचारही सोपे झाले. अमेरिकेत नेत्रतज्ज्ञ आणि ऑप्टोमेट्रिस्ट यांनी मिळून केलेल्या अभ्यासातून २००३ मध्ये दिसले, की सात वर्षांखालील मुलांच्या मध्यम आळशी डोळ्याला, चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास बांधलेली पट्टी सहा तासांइतकाच गुण देते. पट्टी ओढून काढणाऱ्या मुलांच्या आयांना यापेक्षा मोठा दिलासा नव्हता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांच्या मंजूर पदांत ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश झाला. या व्यवसायाला देशपातळीवर कायदेशीर नियमनाच्या कक्षेत आणणारा कायदा मात्र २०२१ मध्ये, पहिल्या अभ्यासक्रमानंतर ६३ वर्षांनी झाला.