रिमेक, प्रीक्वेल आणि 'द थिंग': भीतीची कॉपी करता येते का?

कुठल्याही जुन्या हॉरर सिनेमाचा रिमेक किंवा प्रीक्वेल जाहीर झाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "यांच्याकडे नवीन स्टोऱ्याच संपल्यात." मीही हे म्हणतो, तुम्हीही म्हणत असाल. पण 'नवीन स्टोरी' म्हणजे नक्की काय, हे आपण कधी तपासतो का? आज एकच केस घेऊन तेवढं करूया. सुरुवातीलाच सांगून ठेवतो, स्पॉयलर भरपूर आहेत.

आधी व्याख्या. रिमेक म्हणजे तीच गोष्ट पुन्हा सांगणं. प्रीक्वेल म्हणजे त्या गोष्टीच्या आधी काय घडलं ते सांगणं. स्टुडिओंना हे दोन्ही का आवडतं, त्याचं कारणही साधं आहे. नवीन सिनेमाची ओळख लोकांना शून्यापासून करून द्यावी लागते, जुन्या नावाची ओळख आधीच असते. त्यात हॉररला मोठा हिरो लागतोच असं नाही, पोस्टरवरचं नावच हिरोचं काम करतं.

आता आपली केस. १९३८ साली जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल या अमेरिकन लेखकाची 'हू गोज देअर?' ही दीर्घकथा आली. अंटार्क्टिकाच्या बर्फात शास्त्रज्ञांना एक परग्रहावरचा जीव सापडतो. हा जीव कुणाचंही रूप घेऊ शकतो, म्हणजे शेजारी बसलेला मित्र खरंच मित्र आहे का, हे कळायला मार्ग नाही.

१९५१ मध्ये यावर 'द थिंग फ्रॉम अनदर वर्ल्ड' हा सिनेमा आला. गंमत म्हणजे कथेतली मुख्य आयडियाच, रूप बदलण्याची, त्यात काढून टाकली. गोष्ट अंटार्क्टिकावरून उत्तर ध्रुवाकडे गेली आणि राक्षस झाला एक धिप्पाड, माणसासारखा दिसणारा, वनस्पतीपासून बनलेला जीव. तो दाराबाहेर, माणसं आत, आणि सगळी एकजुटीने त्याच्याशी लढतात.

मग १९८२ मध्ये जॉन कार्पेंटरने 'द थिंग' केला. हा माणूस १९५१ च्या सिनेमाचा फॅन होता. त्याच्या 'हॅलोविन'मध्ये मुलं टीव्हीवर तोच सिनेमा बघताना दिसतात. पण रिमेक करताना तो सिनेमाला सोडून मूळ कथेकडे गेला. राक्षस परत आत आला, माणसांच्या आत. बारा पुरुष, एक तळ, चहूकडे बर्फ, आणि कुणाचाच कुणावर भरवसा नाही. सगळ्यांना बांधून, प्रत्येकाच्या रक्तात तापलेली तार बुडवून बघायचा तो सीन आठवा. आजही बघताना हात आखडतात.

आता हिशोब करा. गोष्ट दुसऱ्याची, आधी एक सिनेमा होऊन गेलेला, आणि रक्त तपासायची आयडियासुद्धा मूळ कथेतच आहे. तरी कार्पेंटरच्या सिनेमाला कुणी उचलेगिरी म्हणत नाही. त्याचं स्वतःचं काय आहे त्यात? तो संशय शेवटपर्यंत न सोडवणं. तळ जळतोय, दोन माणसं उरलीत, त्यांतला एखादा माणूस नसेलही, आणि सिनेमा तिथेच संपतो. शिवाय रॉब बॉटिन या जेमतेम विशीतल्या पोराने रबर, रंग आणि यंत्रांनी उभे केलेले ते राक्षस. या कामापायी तो इतका थकला की त्याला हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं.

आणि बक्षीस काय मिळालं? २५ जून १९८२ ला सिनेमा लागला. दोनच आठवडे आधी 'ई.टी.' आला होता, लोकांना गोड एलियन हवा होता. त्याच दिवशी 'ब्लेड रनर'ही लागला. समीक्षकांनी झोडपलं, तिकीटबारीवर फार काही झालं नाही. पुढे व्हिडिओ कॅसेट आणि टीव्हीवर लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, तेव्हा कुठे त्याला आजचं नाव मिळालं.

आता २०११ कडे येऊ. प्रीक्वेल आला, नाव तेच, 'द थिंग'. कार्पेंटरच्या सिनेमात नॉर्वेच्या लोकांचा एक जळालेला तळ दिसतो, तिथे आधी काय झालं त्याची ही गोष्ट. माझ्या कामाच्या भाषेत याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात: आउटपुट समोर आहे, आत काय घडलं असेल ते शोधून काढा. या टीमने ते फार मन लावून केलं. १९८२ च्या सिनेमात दारात रुतलेली कुऱ्हाड दिसते? ती तिथे कशी आली ते दाखवलं. खुर्चीत गोठून मेलेला माणूस? दाखवलं. दोन चेहरे एकात वितळलेलं प्रेत? तेही दाखवलं. सगळ्या टेस्ट केस पास!

पण युजरला काय मिळालं? १९८२ मध्ये ती कुऱ्हाड काही क्षण दिसते आणि इथे काय घडलं असेल याची गोष्ट आपलं डोकं स्वतःच रचतं. प्रत्येकाच्या डोक्यातली वेगळी आणि प्रत्येकाला पुरेल एवढी भयंकर. प्रीक्वेलने ती सगळी पुसून एक ऑफिशियल उत्तर दिलं.

न्याय करायचा तर एक गोष्ट त्यात खरंच नवीन आहे. तो जीव धातूची नक्कल करू शकत नाही, म्हणून नायिका टॉर्च घेऊन प्रत्येकाच्या दातांतलं फिलिंग तपासते. मस्त सीन आहे. आणि आणखी एक गोष्ट नवीन झाली असती. ॲलेक गिलिस आणि टॉम वुडरफ यांच्या टीमने सेटवर खरेखुरे यांत्रिक राक्षस उभे केले होते. नंतर त्यांतल्या बहुतेकांवर कॉम्प्युटर ग्राफिक्स चढवले गेले. त्या मूळ कामाचे व्हिडिओ पुढे ऑनलाइन आले तेव्हा फॅन हळहळले. गिलिसने मग लोकांकडून पैसे उभे करून 'हार्बिंजर डाउन' हा स्वतःचा सिनेमा केला, खऱ्या बाहुल्या वापरून.

मग प्रीक्वेल म्हटलं की वायाच का? तसंही नाही. २०२४ चा 'द फर्स्ट ओमेन' घ्या. सैतानाचं पोर जन्माला येणार हे आपल्याला १९७६ च्या 'द ओमेन'पासून माहीत आहे. पण दिग्दर्शिका अर्काशा स्टीव्हन्सनने कॅमेरा वळवला तो पोराकडून बाईकडे. १९७१ चं रोम, नन व्हायला आलेली एक मुलगी, आणि तिच्या शरीराचा निर्णय तिला न विचारता घेणारी माणसं. शेवट माहीत असूनही घाबरायला होतं, कारण प्रश्न बदललाय.

उलट टोकाचं उदाहरण १९९८ चा 'सायको'. गस व्हॅन सँटने हिचकॉकचा १९६० चा सिनेमा जवळपास शॉटला शॉट जुळवून, रंगीत करून पुन्हा काढला. संवाद तेच, संगीतही तेच. तरी मूळ सिनेमाची भीती काही उतरली नाही. कोड कॉपी झाला, पण प्रोग्राम चाललाच नाही म्हणा ना.

आणि आपल्या घरचं उदाहरण विसरू नका. विशाल फुरियाचा मराठी 'लपाछपी' २०१७ मध्ये थिएटरमध्ये आला. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई, आणि भुतापेक्षा भयंकर अशी मुलगी नको असणारी माणसं. २०२१ मध्ये त्यानेच 'छोरी' नावाने हिंदी रिमेक केला. कथा बरीचशी तीच. पण मुलगी नकोशी असण्याचा प्रश्न एका राज्यापुरता नाही, त्यामुळे गोष्ट भाषा ओलांडून गेली तरी उपरी वाटत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. गोष्ट कुठून आली यावर ओरिजिनॅलिटी ठरत नाही. जुन्या गोष्टीला नवीन प्रश्न विचारला का, हे बघा. विचारला असेल तर रिमेकलाही तिकीट काढा, निदान पहिल्या आठवड्यात झोडपू नका. १९८२ च्या प्रेक्षकांनी तेच केलं होतं. आणि नुसती जुनी कुऱ्हाड कुठून आली एवढंच सांगत असेल, तर निवांत स्क्रोल करून पुढे जा. स्टुडिओला आपली कुरकुर दिसत नाही, आपण काय बघितलं ते दिसतं.

जाता जाता एक टिप. 'द थिंग' टाइमलाइनप्रमाणे बघू नका. आधी १९८२, मग २०११. कारण कार्पेंटरचा सिनेमा सुरू होतो तो बर्फात पळणाऱ्या एका कुत्र्यापासून, आणि हेलिकॉप्टरमधून त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्या माणसापासून. का झाडतोय, हे तुम्हाला माहीत नसतानाच तो सीन बघायला हवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!