मुखशुश्रूषा आणि वार्धक्यातील न्यूमोनिया

परावलंबी झालेल्या वृद्धांच्या मृत्यूला अनेकदा जो न्यूमोनिया कारणीभूत ठरतो, त्याचा उगम पुष्कळ वेळा त्यांच्याच तोंडात असतो. दातांवर, हिरड्यांच्या कडांवर आणि कवळीच्या आतल्या बाजूवर जीवाणूंचा जो चिकट थर साचतो, त्याला दंतकिटण म्हणतात. निरोगी माणसाच्याही झोपेत थोडीफार लाळ श्वासनलिकेत उतरते, पण खोकला ती परतवून लावतो. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशात मात्र खोकल्याची ही प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते, गिळणे बिघडते आणि नैराश्यावरील व इतर अनेक औषधांनी लाळ आटल्यामुळे तोंड धुऊन काढणारी नैसर्गिक व्यवस्थाही दुबळी होते. मग जीवाणूंनी भरलेला स्राव ठसकाही न लागता फुप्फुसांत झिरपत राहतो. यातून होणाऱ्या आजाराला ॲस्पिरेशन न्यूमोनिया असे नाव आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा जपानमधून आला. तेथील 11 शुश्रूषागृहांत (म्हणजे मराठीत नर्सिंग होम म्हटले जाते ती छोटी रुग्णालये नव्हेत, तर दीर्घकाळ देखभाल लागणाऱ्या वृद्धांची निवासस्थाने) ताकेयोशी योनेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षे प्रयोग केला आणि 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटातील वृद्धांचे दात कर्मचारी प्रत्येक जेवणानंतर घासून देत आणि दंतवैद्यकीय पथकाकडूनही त्यांची स्वच्छता होई. दुसऱ्या गटाला अशी खास सेवा नव्हती. न्यूमोनियाचे प्रमाण दुसऱ्या गटात 19 टक्के होते, पहिल्यात 11 टक्के. दात नसलेल्यांनाही लाभ झाला, हे विशेष महत्त्वाचे, कारण दात गेले की तोंडाची काळजी संपली हा समज त्यामुळे मोडीत निघतो.

पुढचे पुरावे इतके सरळ नाहीत. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक, हाताने दात घासणे आणि जेवताना ताठ बसवणे यांचा एकत्रित प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्यात न्यूमोनिया घटला नाही. नॉर्थ कॅरोलायनातील 14 शुश्रूषागृहांत कर्मचाऱ्यांना खास प्रशिक्षण दिल्यावर पहिल्या वर्षी घट दिसली, मात्र दोन वर्षांच्या अखेरीस ती टिकल्याचे सिद्ध झाले नाही. यावरून घासण्याला अर्थ नाही असे म्हणणे घाईचे ठरेल. रोजच्या रोज, नीट आणि वर्षानुवर्षे घासले जाते की नाही, हाच खरा प्रश्न आहे. स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती अनोळखी हात तोंडाजवळ येताच ओठ घट्ट मिटते, प्रसंगी चावते. तिच्याशी शांतपणे बोलत, तिच्याच हातात ब्रश देऊन त्यावर आपला हात ठेवत काम करायला वेळ लागतो, आणि मोजक्या कर्मचाऱ्यांच्या पाळीत सर्वांत आधी हाच वेळ कापला जातो.

यात आणखी एक गुंता आहे. ऐंशीव्या वर्षी किमान 20 दात शाबूत राहावेत म्हणून जपानने 1989 मध्ये मोहीम सुरू केली आणि ती चांगलीच फळली. पण जितके दात टिकले, तितक्या किटण साचण्याच्या फटीही टिकल्या, आणि हात थरथरू लागले की त्या साफ करणे दुसऱ्यावर येऊन पडते. कवळी वापरणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. टोकियोतील पंचाऐंशी वर्षांवरील वृद्धांच्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, कवळी न काढता झोपणाऱ्यांमध्ये न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. ही निरीक्षणात्मक पाहणी असल्याने कवळी हेच कारण, असे तिच्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. तरी रात्री ती काढून, घासून, पाण्याच्या वाटीत ठेवायला दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धासाठी ती दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागतात.