पँपास गवत

(लॅ. कॉर्टेडेरिया सेलोआना, कुल – ग्रॅमिनी). हे बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारे), सदापर्णी व शोभिवंत गवत मूळचे द. अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वाय, द. ब्राझील इ. प्रदेशांतील असून तेथील ‘पँपास’ या गवताळ मैदानांवरून त्यास हे नाव पडले आहे. प्रजातिवाचक नाव ‘कापणारी’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दावरून आले आहे. जातिवाचक नावात जर्मन वनस्पतिसंग्राहक फ्रीड्रिख सेलो यांचे स्मरण आहे.

या गवताचे दाट ठोंब २–३ मी. उंच वाढतात. पाने अरुंद, १–२ मी. लांब, कमानीप्रमाणे वाकलेली व निळसर हिरवी असून सिलिकायुक्त करवती कडांमुळे हात कापतो. उन्हाळ्याच्या अखेरीस व शरद ऋतूत उसाच्या तुऱ्यासारखी, पण अधिक भरदार व रुपेरी परिमंजरी येते. काही झाडे केवळ स्त्रीलिंगी, तर काही द्विलिंगी असतात. द्विलिंगी झाडे मुख्यत्वे नराचे कार्य करतात. स्त्री-पुष्पांवरील लांब, रेशमी केसांमुळे स्त्री-झाडांचे तुरे अधिक आकर्षक दिसतात. याच केसांच्या साहाय्याने बी वाऱ्यावर दूर जाते. एका मोठ्या तुऱ्यात सु. एक लाखापर्यंत बिया असू शकतात.

कॅलिफोर्नियात १८७४ च्या सुमारास तुऱ्यांसाठी याची व्यापारी लागवड सुरू झाली. वाळविलेले तुरे सजावटीकरिता यूरोपात जात. स्त्री-झाडे ठोंब फोडून वाढविली व जवळपास पराग नसला, तर बी धरत नाही. बियांपासून रोपे केल्यास मात्र दोन्ही प्रकार उगवतात आणि प्रसारास वाट मिळते. १९४६ मध्ये तेथेच जमिनीची धूप रोखण्यासाठी व पूरक चाऱ्यासाठी हे गवत मुद्दाम लावण्यात आले. पुढे ते रानोमाळ पसरले. न्यूझीलंड, द. आफ्रिका, स्पेन व पोर्तुगाल येथेही ते उपद्रवी तण ठरले असून न्यूझीलंडमध्ये त्याच्या विक्रीस व प्रसारास बंदी आहे. ते स्थानिक वनस्पतींची जागा व्यापते; ठोंबातील वाळक्या पानांमुळे वणव्याचा धोकाही वाढतो.

भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन यास मानवते. लागवड ठोंब फोडून, ज्ञात स्त्री-झाडापासून करावी. ‘पुमिला’ हा ठेंगणा प्रकार लहान बागांत लावतात. जुनी पाने वसंताच्या प्रारंभी जाड हातमोजे घालून कापावीत. बी पक्व होण्यापूर्वीच तुरे काढून घेतल्यास शोभा हाती येते व प्रसारही टळतो. मात्र जेथे ते तण म्हणून पसरले आहे, तेथे याची लागवड न करणेच इष्ट.