पन्नास शब्दांचे पुस्तक : डॉ. स्यूस आणि शब्दगणनेचा प्रश्न

अमेरिकन बालसाहित्यिक थिओडोर स्यूस गायझेल (१९०४–१९९१) हे ‘डॉ. स्यूस’ या टोपणनावाने परिचित आहेत. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड हे त्यांचे जन्मगाव. जाहिरातींसाठी व्यंगचित्रे काढणाऱ्या या चित्रकाराचे पहिले बालपुस्तक १९३७ साली निघाले. तथापि त्यांच्या व्यापक कीर्तीचा पाया पन्नाशी उलटल्यावर घातला गेला, आणि तोही शब्दांच्या टंचाईवर.

१९५४ साली जॉन हर्सी यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात शालेय वाचनपाठांच्या नीरसपणावर टीका केली. पुढे ठरावीक शब्दसूचीतून रंजक पुस्तक रचण्याची कामगिरी स्यूस यांच्याकडे आली. ‘द कॅट इन द हॅट’ (१९५७) हे पुस्तक २३६ भिन्न शब्दांत सिद्ध झाले. नंतर प्रकाशक बेनेट सर्फ यांच्याशी लागलेल्या पैजेतून ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’ (१९६०) केवळ ५० शब्दांत लिहिले गेले. त्यांपैकी ४९ शब्द एकाक्षरी आहेत. ‘एनीव्हेअर’ हा एकच अपवाद होय.

या पन्नासांची छाननी केली असता असे दिसते की, निम्म्याच्या आसपास शब्द सर्वनामे, साहाय्यक क्रियापदे, शब्दयोगी व उभयान्वयी अव्यये यांसारखे व्याकरणिक आहेत. ‘ॲम’, ‘आर’ व ‘बी’ ही तर एकाच क्रियापदाची रूपे. ती तीन शब्द म्हणून मोजली आहेत. उलट ‘इन’ हा शब्द एकदा ओळखला की ‘बॉक्स’ असो वा ‘हाउस’, तो तसाच भेटतो. पुनरुक्ती, यमक आणि लय यांमुळे मूल पुढील शब्दाचा अंदाज बांधू शकते.

मराठीत हा आकडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. येथे ‘इन’चे कार्य ‘पेटीत’, ‘घरात’ यांतील प्रत्यय करतो. ‘घोडा’चे ‘घोड्यावर’ होताना प्रकृतीही बदलते आणि मुलापुढे नवे जोडाक्षर उभे राहते. रूपे मोजली तर पन्नासांची मर्यादा लगेच ओलांडली जाईल. केवळ मूळ शब्द मोजले तर वाचनातील खरी अडचण दृष्टीआड होईल. म्हणून मराठी प्रथमवाचनासाठी प्रकृती, सामान्यरूपे, प्रत्यय व जोडाक्षरे यांची स्वतंत्र गणना करणे अवश्य आहे. स्यूस यांच्यापासून घ्यावयाचा तो मर्यादेचा दंडक. तिचे माप मात्र आपल्या भाषेच्या घडणीतूनच काढावे लागेल.